मालूचे बासष्ट चेहरे

१

बुधवारी सकाळी सव्वानऊला मी ऑफिसात शिरले तेव्हा आमचे मालक नंदकिशोर टेबलाशी उभे होते आणि टेबलावर मालूची सगळी पानं पसरलेली होती. आतली चोवीस आणि एक मुखपृष्ठ. एकाही पानावर मालूला चेहरा नव्हता.

फाडाफाड नव्हती. साडी जागेवर, वेणी जागेवर, हातातला कंदीलसुद्धा जागेवर. फक्त हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत ब्लेडनं कापून चेहरा तेवढा उचललेला, आणि त्या भोकांतून टेबलाचं हिरवं रेक्झिन दिसत होतं. मी खुर्ची ओढून बसले.

"वाट लागली, कुंदाताई," नंदकिशोर म्हणाले. "उद्या सकाळी ही पानं छपाईसाठी कॅमेऱ्यावर जायची होती."

मी कुंदा. सन १९८६चं हे सगळं. घाटकोपरला आग्रा रोडलगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, नटबोल्टच्या कारखान्याच्या डोक्यावर झेप प्रकाशनाचा गाळा होता. तिथून दर महिन्याला 'वायुजित' हे आमचं कॉमिक निघायचं. वायुजित उडायचा, मुंबई वाचवायचा, आणि त्याच्या जिवावर आमची पाच घरं चालायची. मी प्रुफं तपासायची आणि 'कुंदाताईंचं टपाल' हे वाचकांच्या पत्रांचं सदर लिहायची. वय एकावन्न, लग्न नाही, मुलुंडला भावाकडे मुक्काम. चुका काढणं हा माझा धंदा होता आणि खोडही.

मालू ही वायुजितच्या गोष्टीतली दुय्यम बाई. चाळीच्या तळमजल्यावर राहायची आणि संकट आलं की खिडकीत कंदील ठेवून वायुजितला खूण करायची. अंकाला दोन-तीन चौकटी, बस्स. पण पत्रं यायची ती तिच्याबद्दल. तिचं लग्न झालंय का, ती रात्री झोपते कधी, तिला कोणी वाचवत का नाही. म्हणून पन्नासावा अंक अख्खा मालूचा करायचं ठरलं होतं. वायुजित फक्त शेवटच्या पानावर.

"कोणी केलं ते उघड आहे," नंदकिशोर म्हणाले. "ऑफिसची चावी कोणाकडे? धाकूकडे. कपाटाची चावी कॅलेंडरमागे खिळ्याला असते हे त्याला माहीत. मी त्याला आत गोडाऊनमध्ये बसवलाय."

"धाकूनं? कशासाठी?"

"तेच विचारतोय तासभर. तोंड उघडत नाही. तुम्हाला हवा तो पुरावा शोधा कुंदाताई, पण पाचपर्यंत. पाच वाजता मी चौकीवर फोन करणार."

धाकू आमचा शिपाई, पंचावन्नचा. गिरणीत अठ्ठावीस वर्षं काढली, संपात सगळं गेलं, तेव्हा इथे आला. पोलिसांनी एकदा नेलं तर या वयात त्याला दारात कोण उभं करणार होतं? त्यानं हे केलं नसेल असं मला मनापासून वाटत होतं. पण वाटण्यानं नंदकिशोर ऐकणारे नव्हते.

गोडाऊनच्या फटीतून मी पाहिलं. धाकू जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर बसला होता. तो घाबरलेला दिसत नव्हता. तो दाराकडे कान लावून काहीतरी ऐकत होता.

२

मी पानं पुन्हा पाहिली, प्रुफं पाहते तशी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. भोकं मोजली. एकसष्ट.

मालूखेरीज कोणालाही धक्का नव्हता. वायुजित शाबूत, खलनायक शाबूत, चौदाव्या पानावरची नर्स शाबूत. त्या नर्सकडे बघून मला वाईट वाटलं, कारण तिच्यापायी मी शुक्रवारी जयवंतला फार बोलले होते. जयवंत आमचा चित्रकार. त्याच्या हाताला मालूची इतकी सवय झाली होती की नर्सही त्यानं हुबेहूब मालूसारखी काढून ठेवली होती. मी म्हटलं, लोक विचारतील, मालू इथे कधी नोकरीला लागली? बिचाऱ्यानं निमूटपणे पातळ कागदावर दुसरा चेहरा काढला आणि माझ्यासमोर त्या जागी चिकटवला. आम्ही त्याला ठिगळ म्हणायचो. छापून आल्यावर ठिगळ कळत नाही.

टेबलाखाली, टोपलीत, मोरीत, सगळीकडे शोधलं. कापलेला एकही चेहरा सापडला नाही.

साडेदहाला चंद्रप्रकाश आला. अंधेरीहून यायचा. आमचा लेखक, वायुजितचा जन्मदाता, आणि मालूचा अंक त्याला मुळीच नको होता. महिनाभर तो सगळ्यांशी भांडत होता. पानं बघून तो आधी हसला, मग ओशाळला.

"माझ्यावर येणार ना आता?" तो म्हणाला. "सांगून टाकतो, मला आनंद झालाय. कंदील धरणाऱ्या बाईवर चोवीस पानं! यार, हीरो कोण आहे इथे?"

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"साडेपाचला निघालो. बोरिवलीला मेहुणीकडे बारसं होतं. जेवून आलो. विचार तिला."

"आणि जाताना इथे कोण होतं?"

"तू आधीच गेली होतीस. मालक, जयवंत, धाकू. हां, आणि निघता निघता फोन आला होता. तुझ्या टपालाचा कोणी भक्त. ऑफिसचा पत्ता मागत होता. दिला मी."

"पत्ता का दिलास? आपण अंकात पोस्ट बॉक्स छापतो तो कशाला?"

"गोड बोलत होता गं. म्हणे, मालूचा चाहता आहे."

मी त्याला सोडून दिलं. चंद्रप्रकाशला अंक बंद पाडायचा असता तर त्यानं शाईची बाटली ओतली असती आणि पाच मिनिटांत पसार झाला असता. हे काम दीड-दोन तासांचं होतं. कपाळावरची बट सोडून, कानातली कुडी सांभाळून कोणीतरी एकेक चेहरा काढला होता आणि बरोबर नेला होता. म्हणजे अंक बुडवणं हा हेतूच नव्हता. त्या माणसाला चेहरे हवे होते.

आणि तो चेहरा कोणाचा ते मला माहीत होतं. धाकूच्या मुलीचा. शेवंतीचा.

३

पहिली दोन वर्षं मालूला धड चेहराच नव्हता. ठिपक्यांची साडी दिसली की वाचकांनी ओळखायचं, ही मालू. मग शेवंती धाकूचा डबा घेऊन यायला लागली. रोज एक वाजता. नवरा दुबईला असतो म्हणून बापाकडे राहते, असं धाकू सांगायचा. पदर गळ्याभोवती गच्च लपेटलेला, बोलणं मोजकं. महिन्याभरात मालूला नाक आलं, डोळे आले, हनुवटीवर तीळ आला. नंदकिशोरांना पत्ता नव्हता, कारण शिपायाच्या मुलीकडे ते कधी नीट बघायचेच नाहीत. मला मात्र दिसलं होतं आणि गंमत वाटली होती.

आता गंमत वाटेना. शेवंती गेले आठ-नऊ दिवस आली नव्हती. धाकू दुपारी कोपऱ्यात बसून चहाबरोबर पाव खायचा. मी विचारलं तर म्हणाला होता, ताप हा तिका.

मी गोडाऊनमध्ये गेले. दार लोटून घेतलं.

"धाकू, खरं सांग. चेहरे शेवंतीचे आहेत म्हणून कोणीतरी कापले. तुला माहीत आहे कोणी."

शेवंतीचं नाव ऐकताच तो ताडकन उठला.

"कुंदाबाईनु, हळू बोला! मियाच कापलंय. पोलिसांका सांगान टाका नि मिटवा एकदाचा."

"तू?"

"होय. काल सगळे गेल्यावर. ब्लेडान. माका आवडूक नाय, माझ्या चेडवाचा चित्र काढलेला. म्हणान कापलंय."

"मग कापलेले चेहरे कुठेत?"

"टाकलंय. गटारात."

मी बाहेर आले. झालं होतं. कबुली, कारण, चावी, सगळं जुळत होतं. नंदकिशोरांना सांगायचं तेवढं बाकी होतं. पानं गोळा करायला मी ती उलटी घालून गठ्ठा करू लागले आणि हात थांबला.

चौदावं पान. समोरून नर्स शाबूत. मागून तिच्या जागी भोक होतं.

मी सगळी पानं पालथी घातली आणि मागून मोजायला लागले. दोनदा मोजलं. बासष्ट.

४

नखानं मी नर्सचं ठिगळ उचललं. ते सुटून आलं. त्याखाली शुक्रवारपर्यंत मालूचा चेहरा होता, तो कोरून नेला होता, आणि नर्स पुन्हा नीट चिकटवून ठेवली होती.

मी परत गोडाऊनमध्ये गेले. "धाकू, नर्ससुद्धा कापलीस ना?"

"नर्स कित्याक कापू?" तो गोंधळला. "ती मालू थोडीच असा?"

धाकू खोटं बोलत होता. त्यानं एकही चेहरा कापला नव्हता.

विचार करायला काही उरलंच नव्हतं. त्या नर्सखाली मालू आहे हे ज्याला माहीत होतं त्यानंच ती काढली. शुक्रवारी संध्याकाळी ठिगळ लागलं तेव्हा धाकू छापखान्यात गेला होता. चंद्रप्रकाशनं आणि मालकांनी पानं पाहिली ती सोमवारी, नर्स नर्स झाल्यावर. माहीत होतं दोनच माणसांना. त्यातली एक मी.

दुसरा अकराला आला. जयवंत विक्रोळीला राहायचा. तिशीचा, अबोल. त्याचाही बाप गिरणीतला. तो कोणाकडे न बघता आपल्या बोर्डाशी बसला आणि स्वच्छ असलेली निब पुन्हा पुसायला लागला. मी चौदावं पान त्याच्यापुढे पालथं ठेवलं.

"नर्सचा काय दोष होता," तो म्हणाला. "म्हणून परत लावली."

"अरे, तिकडे धाकू तुझ्यापायी तुरुंगात जायला बसलाय!"

"माझ्यापायी नाही, शेवंतीपायी. पोलीस आले की विचारणार, चेहरा कोणाचा. नाव लिहून घेणार, पत्ता लिहून घेणार." त्यानं निब खाली ठेवली. "कुंदाताई, तिचा नवरा दुबईला नाही. माहुलला आहे. टँकरवर ड्रायव्हर. भीमराज नाव. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिच्यावर रॉकेल ओतलं होतं. गळा आणि खांदा भाजला. ती पळाली. धाकूकाकांनी त्याला निरोप धाडला की आम्ही सगळे गावाला निघून गेलो. तो अजून शोधतोय."

गळ्याभोवतीचा तो पदर मला आठवला. मी त्याला मनातल्या मनात नखरा म्हणाले होते.

"मग तू तिचं चित्र काढलंसच कसं?"

"मला कुठे माहीत होतं? मला ती आवडायची. मी काढत गेलो. एवढंएवढंसं चित्र, त्यात आपली छपाई. कोण ओळखणार? पण सत्तेचाळिसाव्या अंकात एकदाच तिचा मोठा चेहरा काढला. त्यानंतर ते पत्र आलं."

"कुठलं पत्र?"

जयवंतनं ड्रॉवरमधून मागचा अंक काढला, एकोणपन्नासावा, आणि माझंच सदर माझ्यापुढे धरलं.

*भी. रा., माहुल: मालूचे चित्र कोणा खऱ्या बाईवरून काढले आहे काय?*

*उत्तर: अहो, मालू अगदी खरी आहे! रोज दुपारी एकच्या ठोक्याला आमच्या ऑफिसात वडिलांचा डबा घेऊन येते. फक्त तिला अजून कोणी कंदील दिलेला नाही. – कुंदाताई.*

मी लिहिलं होतं. हसत हसत लिहिलं होतं आणि चहा मागवला होता.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी अंक मिटला. "कोणीतरी सांगायचं ना रे."

"तुम्हाला सांगितलं असतं तर पुढच्या टपालात आलं असतं," जयवंत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "अंक वाचल्यापासून ती घराबाहेर पडली नाही. सोमवारी मी गेलो तेव्हा सगळं सांगितलं. मी मालकांना म्हटलं, चेहरा बदलू या. ते म्हणाले, मालूचा चेहरा बदलला तर वाचक जोड्यानं मारतील. काल तो पत्त्याचा फोन आला. म्हणून धाकूकाकांकडून चावी घेऊन राहिलो मागे आणि कापले. तिनं सगळे परत मागितले होते. मोजून."

घड्याळात साडेअकरा झाले होते. पत्ता त्या माणसाकडे कालपासून होता.

५

असल्फ्याच्या टेकडीवर चाळींच्या रांगा आहेत. पायऱ्या चढून मला धाप लागली. जयवंतनं दार वाजवलं, आपलं नाव सांगितलं, तेव्हा कडी निघाली.

शेवंती पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होती. घरात कोणी नव्हतं म्हणून पदर सैल होता. मी गळ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. कोपऱ्यात घमेल्यात राख होती.

"बासष्ट होते," ती म्हणाली. "मोजून घेतले, मग जाळले. बसा."

"शेवंती, मी ते टपालात लिहिलं... मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं ते मला माहीत आहे." ती घडी घालायची थांबली नाही. "दोन वर्षं तुमच्या दारातनं आत येत होते मी, ताई. यानं माझं नाक काढलं, डोळे काढले. तुम्ही माझा टाइम छापलात. एकदा कोणी विचारलं मला?"

तिनं आणखी एक घडी ट्रंकेत ठेवली.

"माझ्यावर गोष्ट लिहिलीत म्हणे. चोवीस पानं. काय होतं शेवटी तिचं?"

"ती सुटते," जयवंत म्हणाला. "स्वतःची स्वतः."

"बरं आहे." तिनं ट्रंकेचं झाकण दाबलं. "सातची एसटी आहे. कुठली ते तुम्हाला सांगत नाही, राग मानू नका. सहापर्यंत बाबा इथे पाहिजेत. त्यांना टाकून मी जाणार नाही. त्यांना सोडवा. पण माझं नाव कुठे यायला नको. कागदावर नको, तोंडात नको. जमेल?"

मी हो म्हटलं. कसं जमवणार होते ते मला ठाऊक नव्हतं. खरं सांगितलं तर जयवंत अडकत होता, आणि त्यानं का कापले हे विचारलं की शेवंतीचं नाव येतच होतं. जयवंतला मी इस्टेटीच्या मागच्या जिन्याशी थांबायला सांगितलं. "धाकू बाहेर आला की थेट टेकडीवर घरी घेऊन जा. तोवर तोंड दाखवू नकोस."

काय सांगायचं ते ठरवता ठरवता दुपार गेली. साडेचार वाजता मी गाळ्याचं दार ढकललं. धाकूच्या स्टुलावर एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. मांडीवर आमचा एकोणपन्नासावा अंक होता.

६

"या, कुंदाताई," नंदकिशोर खुशीत म्हणाले. एवढ्या गोंधळातही वाचक घरी आला की त्यांना आनंद व्हायचा. "हे तुम्हालाच भेटायला आलेत. माहुलहून. दुपारी एकपासून बसलेत."

त्या माणसानं हात जोडले. "नमस्कार ताई. तुमचं उत्तर वाचलं. फार बरं वाटलं. म्हटलं, मालूला एकदा डोळ्यांनी बघावं. आज डबा घेऊन आली नाही वाटतं?"

गोडाऊनचं दार त्याच्या पाठीमागे होतं, सहा पावलांवर. प्लायवुडचं. आत धाकू होता आणि तो हा आवाज ओळखत होता. सकाळपासून तो कशाला कान लावून बसला होता ते मला आत्ता कळलं.

"डबा?" नंदकिशोर आठवू लागले. "अहो, डबा तर आपल्या धा—"

"चेहरे मी कापले!" मी ओरडले.

नंदकिशोरांचं तोंड उघडं राहिलं.

"काय?"

"मालूचे चेहरे. मी कापले. पाच वाजायच्या आत सांगायचं होतं ना, सांगितलं." मी टेबलाशी गेले. आवाज जाग्यावर होता, कारण निम्मं तरी खरं बोलायचं होतं. "मालू म्हणजे मी, नंदकिशोर. माझा कॉलेजातला फोटो मीच जयवंतला दिला होता. म्हटलं, कोणाला कळणार नाही, जरा गंमत. कोपऱ्यात दोन चौकटी होत्या तोवर मजा वाटली. पण अख्खा अंक? मुखपृष्ठावर एवढं मोठं तोंड? स्टॉलवर टांगणार, भाऊ बघणार, भावजय बघणार. एकावन्नाव्या वर्षी हसं झालं असतं माझं. जयवंतकडून चेहरा बदलून घ्या म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात."

"तो म्हणाला होता खरं," नंदकिशोर पुटपुटले. "पण कुंदाताई, तुम्ही? मला पटत नाही."

"पटवते." मी चौदावं पान उचललं. "किती भोकं आहेत यावर?"

"दोन."

पान उलटं केलं. "आता?"

त्यांनी वाकून पाहिलं. "तीन."

मी नर्सचं ठिगळ वर केलं आणि सगळं सांगितलं. शुक्रवारी काय झालं, कोण हजर होतं, कोण नव्हतं. धाकूला नर्सखाली काय आहे ते माहीत नव्हतं, चंद्रप्रकाशला नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. तो माणूस स्टुलावरून उठून जवळ येऊन उभा राहिला होता आणि लक्ष देऊन ऐकत होता.

"माहीत होतं दोघांना. मला आणि जयवंतला. आणि स्वतःचं महिनाभराचं काम जयवंत कापेल?"

"नाही," नंदकिशोर हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं दुःख होतं की मला त्यांना खरं सांगावंसं वाटलं. "नाही कापणार."

भीमराजनं अंक उघडला आणि मालूची चौकट माझ्या गालाशी धरली. त्याच्या बोटांना डिझेलचा वास येत होता. तो चित्र बघायचा, मग मला.

"तीळ?" त्यानं विचारलं.

"तरुणपणी होता. डॉक्टरकडून काढला."

"आणि वडिलांचा डबा?"

"माझे वडील जाऊन सतरा वर्षं झाली. टपालात मी थापा मारते हो. नाही मारल्या तर वाचणार कोण?"

तो हसला. अंकाची सुरळी करून खिशात घातली, मालकांना नमस्कार केला आणि गेला. जिना उतरताना त्याच्या चपला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आल्या.

नंदकिशोरांनी गोडाऊनची कडी काढली. धाकू बाहेर आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. "मागच्या जिन्यानं जा, धाकू," मी म्हटलं. "रजा घे आज." तो गेला.

"उद्यापासून येऊ नका, कुंदाताई," नंदकिशोर माझ्याकडे न बघता म्हणाले. "आठ वर्षं ओळखतो तुम्हाला. पोलिसांना नाही सांगणार. पण येऊ नका."

मी चष्म्याचं घर आणि पर्स उचलली. बाकी माझं काही नव्हतं तिथे.

७

खाली आले तेव्हा पाच वाजून गेले होते. भीमराज गेला नव्हता. समोर पानाच्या गादीशी उभा होता आणि इस्टेटीच्या फाटकातून कोण येतं-जातं ते बघत होता.

म्हणजे त्याला पटलं नव्हतं. किंवा अर्धं पटलं होतं. मागच्या जिन्याची गल्ली याच रस्त्याला फुटते, फाटकापासून वीस पावलांवर. तिथे जयवंतच्या शर्टाची बाही दिसली, आणि तिच्यामागे धाकूची टोपी. दोघं थिजून उभे होते. भीमराजनं मान थोडी डावीकडे वळवली असती तर संपलं होतं.

मी रस्ता ओलांडला आणि मुद्दाम त्याच्या अंगावरून गेले. जाताना मागे वळून पाहिलं, चोरून बघतो तसं, पण त्याला दिसेल असं. मग उजवीकडे विक्रोळीच्या दिशेला वळून भराभर निघाले. असल्फा दुसऱ्या बाजूला होतं. थापाडी बाई आता त्या खऱ्या बाईला सावध करायला निघाली, असं त्याला वाटायला हवं होतं.

पन्नास पावलं मागे काहीच ऐकू आलं नाही. मग चपला वाजायला लागल्या.

मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मुलुंडला घरी त्याला नेता येत नव्हतं, आणि थांबताही येत नव्हतं. शेवंतीला सातपर्यंत वेळ हवा होता. दोन तास. आग्रा रोडला ट्रकांचा धुरळा होता, कारखाने सुटत होते, माणसांचे लोंढे समोरून येत होते. त्या गर्दीत चपलांचा आवाज मागे पडायला लागला.

मी चाल कमी केली, त्याला मी दिसत राहावी म्हणून.